पिंपळाखालची खोली

माझ्या मोठ्या नातवाला, संघर्षला, मुलगी झाली आणि तिचं नामकरण आम्ही चाळीच्या मागच्या अंगणात पिंपळाखाली केलं, त्या वर्षी, म्हणजे दोन हजार बावीस साली, आमच्या चाळीचा नकाशा कॉम्प्युटरवर चढला. पोरीचं नाव पूर्वी ठेवलं. बुद्धवंदना दत्ताराम गमरे यांनी घेतली. आमच्याकडच्या प्रत्येक नामकरणाला आणि लग्नाला तेच वंदना घेत. झाडाखाली चटया अंथरायच्या, आणि बुंध्याला टेकून उभ्या असलेल्या त्यांच्या खोलीतून चहाचा टोप बाहेर यायचा. ती खोली चाळीतल्या कुणालाच वेगळी दिसायची नाही. झाड म्हटलं की खोली आलीच.

आमची मुकादम चाळ परळची. पुढची इमारत रस्त्याला, मागची आत, मधे अंगण, अंगणाच्या एका कडेला बैठ्या खोल्यांची रांग, दुसऱ्या कडेला संडास आणि पंपाची खोली. कोपऱ्यात पिंपळ. त्याचं रोप दत्तारामांनी बुद्धगयेहून आणलं होतं, ओल्या फडक्यात गुंडाळून, सगळा प्रवासभर मांडीवर धरून. संपानंतर गिरणी उघडलीच नव्हती. हाताला काम नसताना माणूस गयेला गेला आणि झाड घेऊन आला. त्यांची बायको तेव्हा म्हणाली होती, "लोकांचे नवरे नोकरी घेऊन येतात." ती बिचारी पुढे क्षयाने गेली. मग सख्ख्या भावाने पुढच्या इमारतीतली खोली आपल्या नावावर करून घेतली, तेव्हा चाळीच्या मंडळाने झाडाशेजारी विटांच्या चार भिंती उभ्या केल्या, वर पत्रे टाकले आणि दत्तारामांना सांगितलं, इथे राहा, मंडळाची पुस्तकं सांभाळा, झाडाला पाणी घाला. घरमालकाची पावती त्या खोलीला कधीच नव्हती. लागेल असं कुणाच्या मनातही आलं नाही. झाड वाढत गेलं आणि पत्र्यांवर पसरलं.

त्या खोलीच्या दारात मी अक्षरं शिकले. नवरा गेला, पोरं कामाला लागली, त्यानंतर. आम्ही चारसहा बायका पाट्या घेऊन बसायचो. शेजारची कांता तर लिहिता लिहिता भाजी निवडायची. दत्ताराम ओरडायचे नाहीत. त्यांचं एकच सांगणं असायचं, "वैनी, जे हाय तेच लिवायचं. नाय ते लिवायचं नाय."

तर नकाशा. चाळ पाडून टॉवर बांधायला आलेला हा तिसरा बिल्डर. पहिला भूमिपूजन करून गेला तो पुन्हा दिसला नाही. दुसऱ्याने कोर्टात अडकवून ठेवलं. तोवर मागच्या इमारतीचा सज्जा पडला, जिन्याला लोखंडी टेकू लागले. सोसायटीचा सेक्रेटरी हितेंद्र, त्याची आई तिसऱ्या मजल्यावर अंथरुणाला खिळलेली. तिला खाली आणायचं तर चौघांनी खुर्चीत बसवून आणायचं. हितेंद्रला लिफ्ट हवी होती. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे जे झालं ते वाईट माणसांनी केलं असं मला म्हणता येत नाही. म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं.

बिल्डरच्या ऑफिसातून देवदत्त म्हणून एक जण यायचा. गिरगावातल्या जुन्या घरातला, चाळिशीचा, बोलणं इतकं स्वच्छ की रागवायला जागा सापडू नये. पहिल्याच बैठकीत त्याने सांगितलं, "माझे आजोबा इथल्याच गिरणीत हेडक्लार्क होते. त्यामुळे हा भाग मला परका वाटत नाही."

"तुमचे आजोबा वरच्या मजल्यावर बसायचे," कांता म्हणाली. "आमचे खाली साच्यावर. भेट झाली नसेल."

तो हसला. मग म्हणाला, प्लॉटवरच्या सगळ्या बांधकामांची केएमएल फाइल, म्हणजे कॉम्प्युटरवरचा नकाशा, सोसायटीने द्यावी, ड्रोनचा फोटो आमचा माणूस काढून देईल. करारात एक वाक्य असेल: सोसायटीच्या नकाशात क्षेत्रफळासह दाखवलेल्या प्रत्येक बांधकामातल्या रहिवाशाला घर. पावती असो वा नसो. "जुन्या चाळींत पावत्यांचा घोळ असतो, म्हणून हे आम्ही तुमच्या बाजूने केलं आहे," तो म्हणाला. आणि ते खरंच होतं. बैठ्या खोल्यांतल्या निम्म्या लोकांकडे पावत्या नव्हत्या. त्या सगळ्यांना त्या वाक्याने घर मिळालं.

हितेंद्रने मान डोलावली आणि देवदत्त गेल्यावर विचारलं, "ही कसली फाइल रे बाबा?"

माझी नात मानसी लोअर परळला ऑफिसात असलंच काम करते, कुठला टेम्पो कुठे पोचला ते नकाशावर दाखवायचं. ती म्हणाली, "मी करते. शनिवार-रविवारचं काम आहे."

ड्रोनवाला आला. गच्चीवरून ते भिरभिरं उडालं, खाली पोरं गोळा झाली. मग त्याने अंगणातून वर बघितलं आणि म्हणाला, "झाडाने कोपरा पूर्ण झाकलाय. फांद्या जरा छाटून घ्या, मी परत येऊन काढतो. खाली काय आहे ते दिसत नाही."

त्या क्षणाला सगळी चाळ एक झाली. बोधिवृक्षाला कोयता लावायचा? बायका दारांतून बाहेर आल्या. हितेंद्रसुद्धा म्हणाला, "बॉस, ते सोडून बोल." दत्ताराम तर खोलीसमोर हात पसरून उभे राहिले. "ह्याच्या पानाला हात लागला ना, तर माज्या मढ्यावरून," ते म्हणाले.

"काका, मला काय," ड्रोनवाला म्हणाला. "मला फोटो द्यायचाय."

"खाली काय हाय ते आमी सांगू," दत्ताराम म्हणाले.

सगळ्यांनी माना डोलावल्या. आम्ही सांगू. कोण, कधी, कुणाला सांगणार, ते काही ठरलं नाही.

मानसी आमच्याच खोलीत, माझ्या पलंगावर बसून काम करायची. मी बाजूला बसायचे. मला वाटलं होतं नकाशा म्हणजे चित्र. तिने साध्या वहीसारखी एक पांढरी खिडकी उघडली आणि म्हणाली, "आजी, हे बघ, ह्याच्यात चित्र नाहीच. नुसतं लिहिलेलं आहे. तुला वाचता येईल."

टोकदार कंसांत इंग्रजी शब्द होते, आणि त्यांच्या मधे मराठी नावं. पुढची इमारत. मागची इमारत. पंप खोली. बैठी खोली, कांता मोहिते. मी ते मोठ्याने वाचलं. मानसीने सांगितलं, प्रत्येक शब्द एकदा उघडतो आणि तिरपी रेघ देऊन तोच शब्द बंद होतो, मधे जे असेल ते त्याचं.

"म्हणजे दार उघडायचं आणि लावायचं," मी म्हटलं.

"अगदी. एक दार जरी लावायचं राहिलं तर सगळा नकाशा रुसून बसतो, काही दाखवत नाही."

नावाखाली आकड्यांच्या जोड्या होत्या. जोडीतला पहिला आकडा पूर्वेचा, दुसरा उत्तरेचा. एक जोडी म्हणजे खोलीचा एक कोपरा. ती ड्रोनच्या फोटोत छपराच्या कोपऱ्यावर टिचकी मारायची आणि इकडे आकडे उतरायचे. शेवटचा कोपरा म्हणून पहिलाच पुन्हा लिहायचा.

"तो परत कशाला?"

"निघालो तिथे परत आलं की घर मिटतं. मगच ते क्षेत्रफळ धरतं."

मला ते आवडलं होतं. लिहिण्यातून घर उभं राहतं हे मला आवडलं होतं. आता आठवलं की तोंड कडू होतं.

रविवारी संध्याकाळी मंडळाच्या खोलीत टीव्हीला लॅपटॉप जोडून मानसीने नकाशा दाखवला. आधी सगळी पृथ्वी फिरली, मग समुद्र, मग मुंबई, मग परळ, आणि वरून घार झेपावी तसे आम्ही आमच्याच अंगणात येऊन पडलो. चाळ लालभडक दिसत होती.

"अगं बाई," कांता म्हणाली, "लाल? संपातला बावटा परत आणलास काय?"

खोलीत हशा झाला. मानसी लाजली. तिने निळा रंग मागितला होता. दुसरीकडे रंग लिहिताना लाल आधी आणि निळा शेवटी लिहायचा असतो, इथे त्याच्या उलट, म्हणून निळ्याचा लाल झाला, असं तिने सांगितलं. दोन अक्षरं इकडची तिकडे केली आणि चाळ निळी झाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पाठीमागून कुणीतरी "जय भीम" म्हटलं.

कोपऱ्यात झाडाचा हिरवा गोळा होता. हितेंद्रने आदल्या दिवशी मानसीला फोन करून सांगितलं होतं, झाडाला काहीतरी खास कर. तिथे तिने पिन लावली होती, आणि साध्या पिवळ्या पिनेऐवजी पिंपळाचं पान. पानावर टिचकी मारली की एक फुगा उघडायचा, त्यात झाडाचा फोटो आणि खाली दोन ओळी. दत्तारामांनी चष्मा लावला, टीव्हीच्या अगदी जवळ गेले आणि वाचलं, "हा बोधिवृक्ष दत्ताराम गमरे यांनी बुद्धगयेहून आणून लावला. ते झाडाखालीच राहतात."

पुन्हा टाळ्या. दत्तारामांनी चष्मा काढून पुसला. "बरं लिवलंस गो," ते मानसीला म्हणाले. "हाय तेच लिवलंस."

मीही टाळ्या वाजवल्या. सगळी चाळ बघत होती, प्रत्येकाने आपापलं छप्पर शोधलं, बोट लावून पोरांना दाखवलं. दत्तारामांनी आपलं नाव शोधलं आणि त्यांना ते मिळालं.

नकाशा कराराला जोडला गेला. सगळ्यांच्या सह्या झाल्या. आमची खोली माझ्या मुलाच्या, विकासच्या नावावर, सही त्याची. दत्तारामांना कुणी सहीला बोलावलं नाही. ते म्हणाले, "मंडळाची खोली ना, मंडळ करील."

पुढच्या उन्हाळ्यात बिल्डरच्या ऑफिसात घरं दाखवायला बोलावलं. लोअर परळला, जुन्या गिरणीच्या जागेवर काचेची इमारत. गिरणीची चिमणी तेवढी ठेवली आहे, खाली कारंजं. दत्तारामांनी चिमणीकडे बघितलं आणि म्हणाले, "वैनी, ही धूर सोडायची तवा आमी जेवत व्हतो. आता नुसती उभी हाय, तरी हिला जागा मिळाली." गंमत म्हणून बोलले होते.

आत भिंतीएवढ्या पडद्यावर आमचा तोच निळा नकाशा होता. देवदत्त एकेका खोलीवर टिचकी मारायचा, ती उजळायची, आणि बाजूला नव्या टॉवरमधलं घर उघडायचं. मजला, खोल्या, खिडकी कुठल्या बाजूला. लोक खुर्च्यांवरून उठून पुढे जायचे. कांताला अकरावा मजला मिळाला. ती म्हणाली, "एवढ्या वरून भाजीवाल्याला हाक कशी मारू?" सगळे हसले. विकासला नववा. तो मागे वळून माझ्याकडे बघत होता, पोरासारखा.

शेवटी दत्ताराम आणि त्यांच्याबरोबर थांबलेली मी, एवढेच राहिलो. दत्ताराम इस्त्रीचा सदरा घालून आले होते.

"आजोबा, आपण कुणाबरोबर?" देवदत्तने विचारलं.

"मी गमरे. पिंपळाखालची खोली."

देवदत्तने नकाशा जवळ आणला. पानावर टिचकी मारली. फुगा उघडला. त्याने सगळं वाचलं. "वा, सुंदर लिहिलं आहे," तो म्हणाला. मग यादीत खालीवर बघितलं. "पण ही पिन आहे. खोली कुठे आहे?"

"ही काय, झाडाखाली," मी म्हटलं. "लिहिलंय ना. ते झाडाखालीच राहतात."

"ते वर्णनात आहे, आजी. वर्णन माणसासाठी असतं. आमची यंत्रणा आकृत्या मोजते. चार कोपरे असले की क्षेत्रफळ निघतं. पिन म्हणजे एकच बिंदू. त्याचं क्षेत्रफळ शून्य."

"शून्य," दत्ताराम म्हणाले.

"तुमच्याबद्दल नाही बोलत मी. बिंदूबद्दल."

"पण माझं नाव हाय ना तिथं."

"नाव आहे," देवदत्त म्हणाला. "नाव आहे, तेच म्हणतो. जागा नाही." त्याचा आवाज एवढासुद्धा चढला नाही. त्याने पाणी मागवलं.

घरी मी मानसीला सांगितलं. ती लॅपटॉप उघडून तो हिरवा गोळा बघत बसली. मग म्हणाली, "आजी, मी ह्या खोलीत लहानाची मोठी झाले. त्यांच्या दारात चित्रकथा वाचल्या. मला माहीत होतं खोली आहे. पण वरून झाडच दिसत होतं आणि मी वरून बघत होते."

ती टेप घेऊन अंगणात गेली. एक टोक दत्तारामांनी धरलं, एक तिने. बुंध्याच्या बाजूने नीट मापता येईना, तर दत्ताराम पुस्तकांचं कपाट हलवून आत शिरले. मग तिने चार कोपरे लिहिले आणि पहिला पुन्हा लिहिला. मी शेजारीच होते. नाव लिहिलं, दार लावलं. पडद्यावर हिरव्या गोळ्याच्या मधोमध एक निळा चौकोन आला. एवढ्याला पाच मिनिटंही लागली नव्हती.

नवी फाइल घेऊन हितेंद्र आणि मानसी देवदत्तकडे गेले. तो म्हणाला, फाइल उत्तम आहे. पण एक बांधकाम वाढलं की एकूण क्षेत्रफळ बदलतं, आणि एकूण बदललं की प्रत्येकाचा हिस्सा बदलतो. म्हणून सगळ्यांच्या नव्या संमत्या, नवा करार, मंजुरीसाठी सगळे कागद पुन्हा पहिल्यापासून. "आमची काहीच हरकत नाही," तो म्हणाला. "सोसायटीने ठरवावं."

सोसायटीने ठरवायचं म्हणून मंडळाच्या खोलीत सभा झाली. त्याच खोलीत, त्याच टीव्हीसमोर. हितेंद्रने सगळं नीट मांडलं, काही लपवलं नाही. मग म्हणाला, "पुन्हा पहिल्यापासून म्हणजे वर्ष जाईल, दोन जातील. दोन बिल्डर आपले पळाले. हा पळाला तर चौथा येणार नाही. आणि पुढच्या पावसाळ्यात मागची इमारत उभी राहील, असं कुणी छातीठोक सांगावं."

हितेंद्रने हातातली फाइल मिटून ठेवली.

"काकांना आपण वाऱ्यावर सोडत नाही," हितेंद्र म्हणाला. "बिल्डर टॉवरच्या आवारात झाड ठेवणार आहे, लेखी दिलंय. वॉचमनच्या केबिनशेजारी काहीतरी करता येईल. नंतर बघू."

"नंतर म्हणजे कधी?" मी विचारलं. "ड्रोनवाल्याला फांदी छाटू दिली नाहीत. तेव्हा कुणी म्हणालं का, नंतर बघू?"

"आई, तू बस," विकास म्हणाला.

"फांदी छाटली असती तर चार महिन्यांत परत फुटली असती," मी म्हटलं. "पानाला हात लावू दिला नाहीत तुम्ही. आणि हा माणूस?"

"शकूकाकी, झाडाला हात लावायचा नाही हे काकाच म्हणाले," मागून कुणीतरी म्हणालं.

"व्हय, मीच बोललो," दत्ताराम म्हणाले. ते दाराजवळच्या स्टुलावर बसले होते. "आनि तुमी समदे माज्या मागं उभे व्हता. आज बी तसेच उभे राव्हा. हितेंद्र, तुजं नाव म्या ठेवलंय. तुज्या बापाला लिवता येत नव्हतं, जन्माचा दाखला म्या भरून आणला."

हितेंद्र खाली बघत राहिला. "काका, माझी आई वर आहे," तो म्हणाला. "ती खुर्चीत बसून खाली येते ते बघितलंय ना तुम्ही."

 

नव्या संमतीला कोण कोण तयार आहे, हात वर करा, असं हितेंद्रने विचारलं. कांताने केला. मी केला. हितेंद्र हळूच म्हणाला, "काकी, तुमची खोली विकासच्या नावावर आहे. तुमचा हात धरता येत नाही." मी विकासकडे बघितलं. तो मोबाइलमध्ये काहीतरी वाचत होता. ज्यांच्या बारशाला आणि लग्नाला त्या माणसाने वंदना घेतली, अशांनी सगळी खोली भरलेली होती, आणि कांताचा एक हात वर होता. तो तिने बराच वेळ वर ठेवला. मग तीही दमली.

घरी आल्यावर विकास म्हणाला, "मला पण वाईट वाटतंय, आई. पण आपल्याला नववा मजला मिळालाय."

मी त्याच्याशी भांडले नाही. मी त्याच्याशी बोलणं कमी केलं. आजही कमीच आहे.

दत्ताराम नंतर कुणाला काही म्हणाले नाहीत. पण वंदना घ्यायचं त्यांनी थांबवलं. त्या वर्षी चाळीत एक नामकरण झालं, त्याला माटुंग्याहून कुणाला तरी बोलवावं लागलं. बोलवायला गेलेल्यांना ते म्हणाले, "मी बिंदू हाय. बिंदूला बोलवत नसतात." गेलेले ओशाळून हसले. दत्ताराम हसले नव्हते.

चोवीस सालच्या मार्चमध्ये चाळ रिकामी केली. आम्ही चिंचपोकळीला भाड्याने आलो. हितेंद्रच्या आईला शेवटचं खुर्चीत बसवून खाली आणलं, तेव्हा तिने पिंपळाला हात जोडले. दत्तारामांना त्यांची भाची वांगणीला घेऊन गेली. मंडळाच्या पुस्तकांचं काय करायचं ते ठरत नव्हतं, शेवटी ती गोणींत भरून कुणाच्या तरी माळ्यावर ठेवली. जाताना दत्ताराम झाडाजवळ थांबले नाहीत. टेम्पोत पुढे बसले आणि काच वर करून घेतली.

झाड आवारात ठेवायचं लेखी होतं. पण नव्या प्लानमध्ये पिनेच्या जागी गाड्या खाली उतरायचा उतार आला. मग झाड मुळासकट उचलून दुसरीकडे लावायचं ठरलं, आणि उचलायचं म्हणून आधी सगळ्या फांद्या छाटल्या. ज्यांनी पानाला हात लावू दिला नव्हता त्यांतला एकही जण तिथे नव्हता. आम्ही आपापल्या भाड्याच्या घरांत होतो. झाड पाऊस सुरू व्हायच्या आत वाळलं.

मी वांगणीला दोनदा गेले. भाचीचं घर लहान, पण माणसं चांगली. दत्ताराम खाटेवर बसलेले असायचे, समोर भिंत. पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी विचारलं, "झाडाचं काय झालं?" मी सांगितलं. ते म्हणाले, "हाय तेच सांगितलंस, बरं केलंस." दुसऱ्यांदा गेले तेव्हा त्यांनी काही विचारलं नाही. छाती भरली होती. भाचीने सरकारी दवाखान्यात नेलं, परत आणलं.

ते गेल्याचा फोन आला त्यानंतर आठवडाभराने मानसी माझ्याकडे आली. तिने लॅपटॉप उघडून आमचा नकाशा काढला. नकाशाखालचा फोटो बदलला होता. उपग्रहाने मधल्या काळात कधीतरी नवा फोटो घेतला होता, फांद्या छाटल्यानंतर आणि चाळ पाडायच्या आधी. कोपऱ्यात उघडा बुंधा होता आणि त्याला टेकून खोलीचे पत्रे, चारही कोपरे स्वच्छ. मानसीने मापून काढलेला चौकोन त्यांच्यावर नेमका बसत होता.

"आता दिसतंय, आजी," ती म्हणाली आणि रडायला लागली.

मी तिला रडू दिलं. मग तिला पानावर टिचकी मारायला सांगितलं. फुगा उघडला. हा बोधिवृक्ष दत्ताराम गमरे यांनी बुद्धगयेहून आणून लावला. ते झाडाखालीच राहतात.

"हे आता खरं नाही," मी म्हटलं. "हे बदलायला पाहिजे."

"आजी, ही फाइल आता कुणी उघडत नाही. माझ्याचकडे आहे."

"असू दे."

तिने ती पांढरी खिडकी उघडून दिली आणि वर्णनाच्या दोन दारांमधे बोट ठेवून दाखवलं, इथे. मला त्या बटणांवर मराठी अक्षरं सापडायला वेळ लागतो. मानसी म्हणाली, तू सांग, मी लिहिते. मी नको म्हटलं. आधीची दुसरी ओळ खोडली आणि तिच्या जागी लिहिलं:

दत्ताराम सोनू गमरे ९ नोव्हेंबर २०२४ रोजी वांगणी येथे भाचीच्या घरी वारले.